काल बरोबर, आज चूक?

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. दुर्बिणीच्या तपासणीत त्यांना जठरात अल्सर आणि जंतुसंसर्ग निघाला होता. मी चौदा दिवसांची औषधे लिहून दिली. त्यांत दोन अँटिबायोटिक्स होती. चिठ्ठी पाहून गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना तुम्हीच सांगितलेत, दूध-भात खा, तिखट सोडा, काळजी करू नका. आता म्हणता जंतू आहेत. उद्या आणखी तिसरेच सांगाल. मग विश्वास ठेवायचा कशावर?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही तेच शिकलो होतो. जठरातल्या तीव्र आम्लात जंतू टिकत नाहीत, हे जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले होते.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यात वळणदार जंतू दिसले. पुढे डॉ. बॅरी मार्शल त्यांच्या जोडीला आले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळेतील बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या आणि त्यांत जंतू वाढले! तरी तज्ज्ञांना पटेना. १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले. काही दिवसांत त्यांना उलट्या झाल्या, जठराला सूज आली. पण सूज म्हणजे अल्सर नव्हे. जंतू मारल्यावर अल्सर पुन्हा होण्याचे प्रमाण खूप घटते, हे अनेक रुग्णांत पडताळल्यावरच मत बदलले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

मग जुने सगळे खोटे का? नाही. आम्लामुळे अल्सर चिघळतो, म्हणून आम्ल कमी करणारी गोळी आजही देतो. शिवाय जंतू हे एकमेव कारण नाही. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो.

वैद्यकातील कोणताही सिद्धांत शंकेपलीकडचा नाही. मात्र तो बदलायचा तर पुरावा आणावा लागतो. मार्शल-वॉरन यांनी तो आणला. "उद्या बदलेल" म्हणून आजचे औषध टाकणे, यात पुरावा कुठला?

गुरुजींना मी दोन गोष्टी सांगितल्या. बरे वाटले तरी औषधे अर्धवट सोडू नका. आणि शौच डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसले तर तडक रुग्णालय गाठा.

"औषधे संपल्यावर महिन्याभराने जंतू गेले का, याची तपासणी करू," मी म्हणालो.

गुरुजी हसले. "म्हणजे तुमचाही तुमच्या औषधावर विश्वास नाही?"

"आहे," मी म्हटले, "पण तपासून पाहतो."