लहान बोअरच्या रायफलची निवड

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या किंवा मक्याच्या कणसात दूध धरले, की रानडुकरांचे कळप रात्री शेतात शिरतात आणि सबंध हंगामाची मेहनत एका रात्रीत मातीस मिळवितात. अशा वेळी गावात बंदुकीचा विषय हटकून निघतो. ०.२२ बोअरची रायफल हलकी असते, तिचा धक्का खांद्यास जाणवत नाही, आवाजही बेताचा होतो. तेव्हा शेतकऱ्यास तीच सोयीची, असा पुष्कळांचा समज असतो. दुसरीकडे, गावातील एखादा मुलगा नेमबाजी शिकू इच्छितो व त्याचे वडील याच रायफलची चौकशी करतात. या दोघांस एकच उत्तर देता येत नाही. आधी काम ठरवावे, मग हत्यार निवडावे, हा या बाबतीतील पहिला नियम होय.

रायफल व साधी बंदूक

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून बहुधा छर्रे सुटतात व ते थोड्या अंतरावर पसरून बळ गमावतात. रायफलच्या नळीत मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ व दूरवर जाते. ०.२२ हा आकडा नळीचा व्यास इंचांत दाखवितो. मिलिमीटरमध्ये तो सुमारे ५.६ भरतो. या रायफलचे आज सर्वत्र वापरात असलेले 'लाँग रायफल' हे काडतूस १८८७ साली अमेरिकेत निघाले. त्याची शिशाची गोळी साधारणपणे ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते.

कायद्याने केलेली वाटणी

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये कामाप्रमाणे हत्यारांची वाटणी केलेली आढळते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे; ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. ०.२२ रायफलचा उल्लेख मात्र मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या वा संघटनेच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठी, असा आहे. म्हणून पीकरक्षणाचे कारण दाखवून या रायफलसाठी अर्ज करण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी हा भेद ध्यानात घ्यावा.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे, हेही कार्यकर्त्यांनी स्पष्ट करून सांगावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेही बंद झाले. उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या रानडुकराविषयी कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हाती नसता गोळी झाडणे हा गुन्हा ठरतो. नुकसान झाल्याबरोबर वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा व भरपाईसाठी अर्ज करावा.

रानडुकरासाठी ही रायफल का नको

प्रौढ नर रानडुकराच्या खांद्यावरील कातडी जाड व चिवट असते. अडीच ग्रॅमची मऊ गोळी तेथे रुतून बसते, परंतु जनावर पडत नाही. जखमी डुक्कर उसात किंवा झुडपात शिरते आणि सकाळी पाणी देण्यास किंवा गवत कापण्यास आलेल्या माणसावर धावून जाते. ज्याने गोळी झाडली त्याच्यावरच हे संकट येईल, असे नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. ही लहानशी गोळी वर तोंड करून सुटल्यास सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. समजा, एका शेतकऱ्याने रात्री बांधावर बसून समोरच्या हालचालीवर गोळी झाडली. नेम चुकला. पलीकडे सपाट रान आहे आणि त्यापुढे दुसऱ्याची वस्ती आहे. अंधारामुळे ती वस्ती त्यास दिसत नाही, पण गोळीचा मार्ग अंधाराने अडत नाही. शिवाय दगडावर, कठीण मुरुमावर किंवा पाण्यावर आपटलेली गोळी भलत्याच दिशेस उसळते. आपल्याप्रमाणेच शेजारीही त्या रात्री राखणीस मचाणावर बसलेला असतो, याचा विसर पडता कामा नये. गावकऱ्यांनी पाळीपाळीने राखण करणे, डबे वाजविणे व मजबूत कुंपण घालणे हे उपाय कष्टाचे असले तरी त्यांत शेजाऱ्याच्या जिवास धोका नाही. कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह मात्र कधीही सोडू नये.

नेमबाजीसाठी निवड

हीच रायफल नेमबाजीच्या मैदानावर मात्र अत्यंत योग्य ठरते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. दोघांच्याही हाती याच बोअरची रायफल होती. भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली, आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचेही पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते.

नवशिक्याने आरंभ ४.५ मिलिमीटरच्या हवाई रायफलपासून करावा. या बोअरच्या व २० ज्यूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या हवाई रायफलला परवाना लागत नाही. दहा मीटरवरील तिच्या निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर हात बसला की श्वास, नजर व बोट यांस वळण लागते. त्यानंतर क्लबाच्या रायफलवर सराव करावा. अग्निशस्त्राचा परवाना सामान्यतः २१ वर्षांखालील व्यक्तीस मिळत नाही. शिकाऊ नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, तिची माहिती क्लबातून घ्यावी.

स्वतःची ०.२२ रायफल घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. दस्त्याची लांबी : दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकविले असता बोट सहज चापापर्यंत पोहोचावे. प्रौढाची रायफल लहान मुलाच्या हाती दिल्यास त्याचा पवित्रा कायमचा बिघडतो.

२. रचना : प्रत्येक वेळी हाताने बोल्ट ओढून काडतूस भरावयाची रायफल शिकणाऱ्यास उत्तम. तिची रचना साधी असते, आणि प्रत्येक गोळीपूर्वी थांबून विचार करावा लागतो.

३. वजन : स्पर्धेची रायफल जड असते, नियमांनी आठ किलोग्रॅमपर्यंत मुभा आहे. जड रायफल स्थिर राहते, परंतु ती पेलण्याची ताकद आधी कमवावी.

४. नळी : जुनी रायफल घेताना बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरून पाहावी. आत गंजाचे खड्डे किंवा काळे कडे दिसल्यास ती घेऊ नये.

५. काडतूस : प्रत्येक रायफलला सर्वच काडतुसे मानवत नाहीत. दोनतीन प्रकारची काडतुसे घेऊन ५० मीटरवर प्रत्येकी दहा गोळ्या झाडाव्यात. ज्यांच्या खुणा सर्वांत जवळ पडतील ती निवडावीत. सेकंदाला सुमारे ३३० मीटर, म्हणजे ध्वनीहून थोड्या कमी वेगाचे काडतूस निशाणासाठी बरे. ५० मीटरवर नेम जुळविला असता १०० मीटरवर गोळी जवळजवळ वीतभर खाली जाते. ही रायफल दूरच्या कामाची नाही, हे यावरूनही कळते.

सुरक्षिततेचे नियम

रायफल भरलेलीच आहे असे समजून हाताळावी. नळी कोणाकडेही रोखू नये. नेम धरण्यापूर्वी निशाणामागे मातीचा उंच, दगडविरहित बांध असल्याची खात्री करावी. रिकाम्या रायफलचा चाप उगाच दाबू नये. त्याने आघातसुई नळीच्या कडेवर आपटून दोन्ही बिघडतात. रायफल व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. सरावानंतर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे विषारी असते.

कार्यकर्त्यांकडे जेव्हा असा सल्ला मागितला जाईल, तेव्हा त्यांनी प्रथम एवढेच विचारावे : गोळी जेथे थांबावयाची ती जागा डोळ्यांस दिसते काय? मैदानावर या प्रश्नास 'होय' असे उत्तर मिळते. रात्रीच्या शेतात ते मिळत नाही. लहान बोअरच्या रायफलची योग्य जागा कोणती, हे त्यावरूनच ठरते.