पाय टेकण्याचा हिशेब

मोटारसायकलवरचा लेख कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वाहन माणसासाठी असते आणि माणूस हा तर आमच्याच शाखेचा विषय. वस्तू घडविणाऱ्याने डोळ्यांसमोर कोणता माणूस ठेवला होता आणि प्रत्यक्षात ती कोणाच्या हाती आली, या दोहोंतील अंतर मोजणे हाही एक अभ्यासच होय. प्रस्तुत लेखात ते अंतर चक्क सेंटिमीटरमध्ये मोजले आहे.

सातारकरांना दुचाकीचे अप्रूप नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या येथील कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होत असे. स्कूटर पुढून मोकळी असते. पाय उचलून पलीकडे टाकावा लागत नाही. स्पोर्ट मोटारसायकलची गोष्ट निराळी. तिची टाकी फुगीर, बैठक उंच आणि मागची बाजू त्याहून उंच. यामाहाची 'आर १५' २००८ साली भारतात आली तेव्हा तिच्या बैठकीची उंची ७९० मिलिमीटर होती. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ८०० झाली आणि २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ८१५. दहा वर्षांत बैठक अडीच सेंटिमीटरने वर चढली. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र १५२ सेंटिमीटरच्या आसपासच आहे. ठेंगण्या पुरुषांचीही अडचण तीच.

मग ही उंची ठेवतात तरी कशाला? केवळ दिमाखासाठी नव्हे. वळण घेताना मोटारसायकल आतल्या बाजूला कलते. कलल्यावर पाय ठेवण्याचा दांडा जमिनीला घासू नये म्हणून तो वर हवा. दांडा वर गेला की गुडघे फार दुमडू नयेत म्हणून बैठकही वर जाते. मागची बाजू उचललेली असल्याने भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी चटकन वळते. म्हणजे जी उंची गाडी थांबल्यावर स्वाराला घाबरविते, तीच वळणावर त्याच्या उपयोगी पडते. गाडी खाली घेण्याचा सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

या प्रश्नाशी माझी ओळख झाली ती सांगलीच्या माझ्या मामेबहिणीमुळे. आम्ही तिला ताई म्हणतो. ताईची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, आणि तिच्या गाडीची बैठक ८१५ मिलिमीटर. सांगली कृष्णाकाठची, सपाट; तिथे ती गाडी निर्धास्त चालवी. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले, चढउतारांचे. इथल्या चढावर समोरचे वाहन अचानक थांबले तर काय करावे, या धास्तीने ती साताऱ्याला एस.टी.नेच येई. घरची मंडळी म्हणत, "त्यापेक्षा स्कूटर घे ना!" चालत्या गाडीची तिला कधीच भीती वाटली नाही, भीती होती ती थांबलेल्या गाडीची. सुमारे १४० किलोचे वाहन एकदा तोल सोडून कलंडू लागले की बोटांच्या टोकांनी ते सावरत नाही.

आम्ही प्रथम मापे घेतली. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. हे झाले पायाचे माप. ताईचे भरले ७१ सेंटिमीटर. चपलेचा तळ २ सेंटिमीटर, म्हणजे ७३. बैठक साडेएक्क्याऐंशी, पण ताई बसल्यावर स्प्रिंगा दबून ती २ सेंटिमीटर खाली येते, म्हणजे साडेएकोणऐंशी. टाचा उचलून साडेसहा सेंटिमीटर मिळतात, म्हणजे कागदावर हिशेब बरोबर जुळतो. तरीही तिचे दोन्ही पाय एकदम टेकत नव्हते. कारण बैठक रुंद आहे आणि मांड्या फाकल्याने सुमारे ३ सेंटिमीटर वाया जातात. हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसते. म्हणून गाडी घेण्यापूर्वी नुसता आकडा वाचू नये. तिच्यावर बसून पाहावे.

आता उपाय. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे : ज्याने गाडीचा स्वभाव बदलत नाही ते आधी, ज्याने बदलतो ते शेवटी.

पहिला उपाय पायात. साडेतीन सेंटिमीटर जाड, न घसरणाऱ्या तळाचे बूट घेतल्याने दीड सेंटिमीटर मिळाले. घोटाही सुरक्षित झाला.

दुसरा उपाय बैठकीत. सीट तयार करणाऱ्या कारागिराकडून आतला फोम वरून १ सेंटिमीटर कमी करून घेतला आणि टाकीजवळच्या दोन्ही कडा निमुळत्या केल्या. कडा गेल्याने पाय सरळ खाली उतरू लागले. एकूण लाभ ३ सेंटिमीटरांचा. फोम फार काढला तर लांबच्या प्रवासात बसवत नाही, म्हणून इथे हावरटपणा करू नये.

तिसरा उपाय मागच्या शॉकअपचा. पुष्कळ गाड्यांत स्प्रिंगचा ताण कमीजास्त करण्याची सोय असते. कारखान्यातून येणारा ताण वजनदार स्वाराला धरून असेल तर हलक्या स्वाराखाली स्प्रिंग पुरेशी दबतच नाही. ताण थोडा उतरवला की गाडी फुकटात खाली बसते. मात्र फार उतरवला तर खड्ड्यात शॉकअप तळाला जाऊन आदळतो. ताईच्या गाडीत ही सोय नव्हती.

उरला चौथा उपाय. काही गाड्यांत शॉकअप आणि मागचे चाक यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्यांची एक जोडणी असते. त्या पट्ट्यांची लांबी बदलली की मागची बाजू खाली येते. पट्टीतला काही मिलिमीटरांचा फरक चाकापाशी कित्येक पटींनी वाढतो, म्हणून त्या गाडीसाठीच बनविलेल्या पट्ट्या घ्याव्यात. अंदाजाने कापूजोडू नयेत. स्प्रिंग कापण्याविषयी विचारले तेव्हा मिस्त्रींनी सांगितले ते असे : "ताई, स्प्रिंग कापली की गाडी खाली येतीया, पर खड्ड्यातला दणका मग तुमच्या पाठीला."

मागची बाजू एकटीच खाली घेतली तर गाडीचे नाक वर होते. हँडल जड वळते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. म्हणून पुढचे दोन पाइप ज्या पट्ट्यांत आवळलेले असतात त्यांतून ते किंचित वर सरकवून पुढची बाजूही उतरवावी लागते. ताईच्या गाडीची मागची बाजू अडीच सेंटिमीटर आणि पुढची एक सेंटिमीटर उतरविली. बैठकीपाशी त्याचे सुमारे २ सेंटिमीटर झाले.

एकंदर साडेसहा सेंटिमीटर मिळाले. त्यांतील साडेचार शॉकअपला हातही न लावता! माझ्या अभ्यासाचे सार विचाराल तर ते हेच.

शेवटच्या दोन सेंटिमीटरांची किंमतही पाहू. समजा, पायाच्या दांड्याचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटर बाहेर आणि जमिनीपासून ३५ सेंटिमीटर वर आहे. अशी गाडी ढोबळमानाने ४५ अंश कलेपर्यंत दांडा घासणार नाही. ती २ सेंटिमीटर उतरवली तर हा कोन पावणेदोन अंशांनी घटतो, ५ सेंटिमीटर उतरवली तर जवळजवळ साडेचार अंशांनी. यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात शहाणा माणूस इतका कलत नाही हे खरे. परंतु गतिरोधक कोणालाच चुकत नाहीत, आणि मागे कोणी बसले की पोट आणखी खाली येते.

बाकीची कामे किरकोळ वाटतात, पण ती राहून गेली तर घात करतात. साइड स्टँड आता लांब पडतो, गाडी जवळपास उभीच राहते आणि वाऱ्यानेही पडू शकते. तो बेताने आखूड करून घ्यावा. साखळीचा ताण पुन्हा तपासावा. मागे माणूस बसवून, गाडी दाबून, टायर आतून मडगार्डला लागत नाही ना आणि पुढचे चाक कशाला घासत नाही ना, हे पाहावे. हेडलाइट खाली करून घ्यावा. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तेव्हा पट्ट्या बदलण्याआधी आपल्या आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे, हमी आणि विमा यांच्या अटी वाचाव्यात आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

आणि इतके करूनही शिकायचे उरतेच. चढावर थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर. एक पाय भक्कम टेकला की पुरे. गाडी उतारावर नाक खाली करून लावू नये, कारण ती मागे ओढायला टाचांचा जोर लागतो. ऊसतोडीच्या हंगामात सांगलीकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांच्या चाकांतून चिखल सांडतो आणि डांबराच्या कडेची काळी माती खाली खचलेली असते. तिथे पाय टाकण्याआधी जमीन पाहावी. स्पेनचा दानी पेद्रोसा जेमतेम १६० सेंटिमीटर उंचीचा. तरी २०१८ साली निवृत्त होईपर्यंत त्याने मोटोजीपीच्या सर्वोच्च वर्गात ३१ शर्यती जिंकल्या. शर्यतीत पाय टेकावा लागत नाही, हे कबूल. पण गाडी चालवणे पायाच्या लांबीवर ठरत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

ताई आता कराडमार्गे स्वतःच्या गाडीवर साताऱ्याला येते. चढावर डावा पाय टेकून थांबते. टाच अजूनही पूर्ण टेकत नाही, आणि ती टेकवण्यासाठी गाडी आणखी उतरविण्याची गरज तिला वाटत नाही. वस्तू आपल्या मापाची करून घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त माप आधी आपले घ्यावे आणि वस्तूचे लागेल तेवढेच कापावे.