सत्ताविसावी आकृती

स्मारक म्हटले की चबुतरा आणि पुतळा डोळ्यांसमोर येतो. पण घरच्या मारहाणीत जीव गमावलेल्या स्त्रियांचे स्मारक कसे असावे? अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९९० साली काही लेखिका व महिला कलावंतांनी यावर विचार केला. त्या वर्षी तेथे पती, जोडीदार वा ओळखीच्या व्यक्तीच्या हातून मारल्या गेलेल्या २६ स्त्रियांच्या, माणसाएवढ्या उंचीच्या लाल लाकडी आकृत्या त्यांनी तयार केल्या. प्रत्येकीच्या छातीवर सोनेरी पाटी आणि तीवर तिची हकिगत. या आकृत्या उचलून नेता येतात, म्हणजे स्मारकच लोकांपर्यंत जाते.

सत्ताविसावी आकृती मात्र निनावी आहे. ज्यांच्या खुनाचा छडा लागला नाही किंवा ज्यांचा मृत्यू चुकीने ‘अपघात’ ठरला, त्यांच्यासाठी ती आहे.

‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘पाय घसरून विहिरीत पडली’ ही वाक्ये आपल्यालाही परिचित आहेत. असा प्रत्येक मृत्यू घातपाताचा नसतो, पण चौकशी व्हायलाच हवी. तीही शक्यतो आधी. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात :

• नवे-जुने वळ एकाच वेळी दिसणे
• उपचारास विनाकारण उशीर
• तिच्याऐवजी नवऱ्याने किंवा सासूने उत्तरे देणे

अशा वेळी डॉक्टरांनी तिला एकटीला विचारावे आणि जखमांची नोंद जशीच्या तशी करावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार तिने वा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास रुग्णालयाने उपचार दिलेच पाहिजेत. शेजाऱ्यांनी १८१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून दार लावून घेऊ नये.