मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा?

नाशिक जिल्ह्यात वार्ताहरकी करण्यात हयात गेली. मोर्चे, उपोषणं, रास्ता रोको यांच्या बातम्या देता देता एक सवय लागली: मागणी ऐकली की आधी बघायचं, हे देणं नेमकं कुणाच्या हातात आहे? केंद्राच्या, राज्याच्या की दोघांच्या? ही वाटणी सांगणारी राज्यघटनेची सातवी अनुसूची मी अशीच शिकलो.

1. समोर उभा असलेला साहेब मालक असेलच असं नाही.
कांद्याचंच घ्या. शेती राज्याचा विषय, बाजार समितीही राज्याची. अडत शेतकऱ्याऐवजी व्यापाऱ्याकडून घ्यायची हे 2016 मध्ये राज्यानेच ठरवलं. पण लासलगावच्या लिलावातला तोच कांदा न्हावा शेवाहून जहाजात चढायचा, तर हुकूम दिल्लीचा, कारण परदेशी व्यापार संघसूचीत आहे. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी लागली आणि भाव कोसळले. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. रस्त्यावर बंदोबस्ताला पोलीस राज्याचे, निवेदन घ्यायला महसूल खात्याचा माणूस राज्याचा. बंदी उठवणं यांपैकी कुणाच्याच हातात नव्हतं. ती उठली मे 2024 मध्ये, तीही 40 टक्के निर्यात शुल्क लावून.

राज्याच्या हातात काय उरतं? अनुदान. 2023 च्या सुरुवातीला भाव पडले होते, तेव्हा राज्याने क्विंटलला 350 रुपये जाहीर केले, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत. मग सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे का, यावरून तलाठ्याच्या दारात गर्दी. भाव कशाने पडेल हे एकाने ठरवायचं आणि मलमपट्टी दुसऱ्याने करायची, ही वाटणी मला कधीच पटली नाही.

2. ‘विधिमंडळात मंजूर’ म्हणजे लागू नव्हे.
समवर्ती सूचीतल्या विषयावर दोघांनाही कायदा करता येतो; भांडण झालं तर केंद्राचा वरचढ. पण कलम 254 मध्ये एक वाट ठेवली आहे. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींनी संमती दिली, तर त्या राज्यापुरता तोच चालतो. (संमती राष्ट्रपतींची, सल्ला केंद्रीय मंत्रिमंडळाचा, हे विसरू नये.) बैलगाडा शर्यत याच वाटेने परत आली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा केंद्राचा. त्याच्या आधारे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने ती उचलून धरली. याउलट महिला अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, पेढे वाटावेत अशा बातम्या छापून आल्या. संमती काही मिळाली नाही.

3. पगारपत्रक नीट वाचावं.
महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत मात्र 300. हे शंभर जास्त का? कारण वर्षाला 2500 पेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तेवढे पुरते वसूल करायचे आहेत. ही मर्यादा खुद्द राज्यघटनेत आहे, कलम 276 मध्ये. 1988 च्या घटनादुरुस्तीने ती 250 वरून 2500 झाली, तेव्हापासून तिथेच. कर राज्याचा, पण रुपयाने वाढवायचा तरी संसदेला घटना बदलावी लागेल.

हा कर महाराष्ट्राने 1975 च्या कायद्याने आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी भरायची, ही कल्पना आपल्या राज्याची. 2005 मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. दिल्ली कधी कधी राज्यांकडून शिकते.

4. जीएसटी परिषदेत राज्यं बहुमतात आहेत, पण एकटी काही करू शकत नाहीत.
मतांचा एक तृतीयांश भार केंद्राचा, दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचा मिळून, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतो. म्हणजे केंद्र आडवं पडलं की ठराव पडला. पेट्रोल, डिझेल आणि दारू अजून जीएसटीबाहेर आहेत, त्याचं कारण राज्यांच्या तिजोरीत शोधा.

5. 41 टक्क्यांवर हुरळू नये.
केंद्राच्या करांतला एवढा वाटा राज्यांना द्यावा असं पंधराव्या वित्त आयोगाने सांगितलं. पण उपकर आणि अधिभार या वाटणीत धरतच नाहीत. केंद्राला कर वाढवण्याऐवजी उपकर लावणं म्हणूनच सोयीचं पडतं.

6. दारात आलेला उमेदवार ओळखावा.
लोकसभेच्या प्रचारात गटारीवर भाषणं होतात आणि विधानसभेच्या प्रचारात परराष्ट्र धोरणावर. टाळ्या दोन्हीकडे पडतात. तुम्ही मात्र खासदाराला निर्यात शुल्क आणि उपकराचं विचारा. आमदाराला बाजार समिती, पोलीस ठाणं आणि सरकारी दवाखान्याचं. आणि ‘ते माझ्या हातात नाही’ असं उत्तर आलं, तर कुणाच्या हातात आहे, तेही त्यांच्याकडूनच वदवून घ्या.