हवा कोणाची, मत कोणाला

मतदारसंघांच्या यादीत आम्ही पहिल्या पानावर. लोकसभेचा 1 नंबर नंदुरबार, विधानसभेचा 1 नंबर अक्कलकुवा आणि 2 नंबर शहादा. आमचं गाव कळसाडी, शहादा तालुक्यातलं. मास्तरकीत निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, आता निवृत्त होऊन ओट्यावर बसतो. "दादा, यंदा कोनी हवा शे?" असं प्रत्येक जण विचारतो, तेव्हा सहा अनुभव मांडून ठेवतो.

1. बालेकिल्ला वगैरे काही नसतं. माणिकराव गावित 1981 च्या पोटनिवडणुकीपासून काँग्रेसचे सलग नऊ वेळा खासदार. पंजा आणि नंदुरबार हे समीकरण इतकं पक्कं, की विरोधी उमेदवाराची गाडी गावात आली तर लोक कौतुकानं बघायचे. 2014 ला भाजपच्या डॉ. हीना गावित लाखावर मतांनी निवडून आल्या, 2019 ला पुन्हा आल्या. 2024 च्या मे महिन्यातल्या मतदानात काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखावर मतांनी जिंकले. आणि सहाच महिन्यांनी, नोव्हेंबरातल्या विधानसभेला, शहादा नि नंदुरबार या दोन्ही जागा भाजपकडे. अक्कलकुव्यात तर नव्या खासदाराचे वडील, 1990 पासूनचे आमदार के. सी. पाडवी, शिंदे गटाच्या आमश्या पाडवींकडून थोडक्यात पडले. काँग्रेसच्या हाती एकटं नवापूर राहिलं, तेही काठावर. लोक येडे झाले नव्हते. दिल्लीचा राग दिल्लीवर काढला आणि तालुक्याचं काम तालुक्याच्या माणसाकडे ठेवलं, एवढंच.

2. आडनावावरून पक्ष ओळखायला जाऊ नका. गावित, पाडवी, वळवी, नाईक इकडेही आहेत नि तिकडेही. डॉ. विजयकुमार गावित 1995 ला अपक्ष निवडून आले, मग राष्ट्रवादीत गेले, 2014 ला भाजपमध्ये आले. मतदारांचा मोठा गठ्ठा घड्याळापाशी थांबला नाही, त्यांच्याबरोबर चालत गेला. पण घराण्यालाही मर्यादा आहे. त्यांची कन्या डॉ. हीना 2024 ला अक्कलकुव्यात अपक्ष उभी राहिली, तिथे ही पुण्याई पुरली नाही.

3. शेताच्या बांधावर मिळालेला होकार मोजू नका. याला जुनं कारण आहे. या तालुक्यात जमीन मुख्यतः गुजर-पाटलांकडे, राबणारे हात भिल्ल-पावऱ्यांचे. या राबणाऱ्यांच्या बाजूनं अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले, 1972 साली श्रमिक संघटना निघाली, गहाण पडलेल्या जमिनी नि सालदारांची मजुरी यांवरून तालुका पेटला. दुसरीकडे पी. के. अण्णा पाटलांनी सहकार उभा केला, साखर कारखाना आणला. तालुक्याचं राजकारण या दोन टोकांमधलं. 2009 पासून शहादा विधानसभा आदिवासींसाठी राखीव झाली. मोठ्या बागायतदाराला आमदारकी लढवता येत नाही, पण सोसायटी, बाजार समिती, कारखाना इथे त्याचा शब्द चालतो, आणि प्रचाराच्या गाड्या त्याच्याच अंगणातून निघतात. केळीच्या बागेत निंदणाऱ्या बाईला मालक विचारतो, "कुणाला देणार?" ती खुरपं न थांबवता म्हणते, "तुम्ही सांगाल त्याला." मतदानाला हीच बाई नवी साडी नेसून येते, बोटाला शाई लावून घेते, पुठ्ठ्याच्या आडोशाला जाते, बटण दाबते. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी पडून बीप वाजेपर्यंत तिथेच उभी राहते. घाई मालकाच्या माणसाला असते, तिला नसते.

4. सभेची गर्दी हा पुरावा नव्हे. 2024 च्या मे महिन्यात लागोपाठ दोन दिवस, 10 ला मोदी नि 11 ला प्रियंका गांधी, नंदुरबारला येऊन गेले. गर्दी दोघांनाही. योजनेचंही तसंच. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच तालुक्यात, टेंभलीला, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. मनमोहन सिंग, सोनिया गांधी स्वतः हजर. चार वर्षांनी इथेच काँग्रेस पडली. उपकाराची फेड म्हणून मत मिळतं, असं समजणारा उमेदवार हमखास फसतो.

5. तारीख बघा. मे महिन्यात ऊसतोडीच्या टोळ्या घरी असतात, पाड्यावर लग्नं असतात. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेले लोक गाडीत बसून गुजरातकडे, पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. काही येतात मतदानापुरते, भाडं कुणी दिलं ते विचारायचं नाही. लोकसभेला जिथे सत्तर टक्क्यांच्या आसपास मतदान होतं, तिथल्या आकड्यातसुद्धा कोण होतं नि कोण नव्हतं हे बघितल्याशिवाय निकालाचा अर्थ लावू नये. विश्लेषक मंडळी जात मोजतात, पक्ष मोजतात. रिकाम्या झोपड्या मोजणारा अजून भेटला नाही.

6. ग्रामपंचायतीवरून आमदारकीचा अंदाज बांधू नका. तिथे भाऊबंदकी, पाण्याची टाकी नि जुना वाद यांवर मत पडतं. पक्ष नंतर येऊन हार घालतो.

बाकी हवेचं राहू द्या. घरात लग्न होऊन आलेली सून असेल तर तिचं नाव माहेरच्या यादीतून इकडे आणायला नमुना 8 भरा, पोरगं अठराचं झालं असेल तर नमुना 6. यादीचं काम बघणारा बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बहुतेक तुमच्याच शाळेतला शिक्षक किंवा अंगणवाडीताई असते. टोळी निघायच्या आधी बीएलओला गाठा.