काजरा, धनुर्वात आणि मज्जातंतूंचा लगाम

आमच्या गावच्या कुंपणापलीकडे काजऱ्याचे एक झाड होते. आमच्या कोकणीत त्यास 'काजरो' म्हणतात. फळे नारिंगी, गोमटी. पण त्यांस शिवण्याची आम्हांस सक्त मनाई असे. त्यांतील बटणासारख्या चपट्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असते. येथे गुजरातेत ही बी 'झेरकोचला' म्हणून परिचित आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपले कोपर वाकवून पाहा. दंडाचा पुढील स्नायू आखडतो त्याच क्षणी मागील सैल पडतो. एकास 'आखड' हा हुकूम जितका अवश्य, तितकाच दुसऱ्यास 'थांब' हाही. या जोडव्यवहाराचा सखोल अभ्यास इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी केला. १९३२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत.

हा 'थांब' पोहोचतो कसा? दोन मज्जापेशींमध्ये बहुधा सूक्ष्म फट असते आणि निरोप रासायनिक द्रव्याच्या रूपाने ती ओलांडतो. मेरुरज्जूत निरोधाचे काम मुख्यत्वे ग्लायसिन करते, तर मेंदूत गाबा. ग्लायसिन पुढील पेशीस भिडले की तिच्या आवरणातील दारे उघडतात, ऋणभारित क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी सहजी उत्तेजित होत नाही.

स्ट्रिक्निन ग्लायसिनची ही जागाच अडवून बसते. मग नुसत्या स्पर्शाने वा आवाजाने सारे स्नायू एकदम आखडतात. पाठीचे स्नायू बलवान, म्हणून देह धनुष्यासारखा वाकतो. आणि रोगी बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो!

धनुर्वातातही हेच दृश्य दिसते. मात्र त्याच्या जंतूचे विष जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेरुरज्जूत चढते आणि निरोधक द्रव्य पेशीबाहेर पडूच देत नाही. काजऱ्याचे विष निरोप ऐकू देत नाही, हे विष तो निघू देत नाही.

सचीनच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या घरी 'गंजका पत्रा लागला की धनुर्वात' अशी समजूत आढळते. गंज हे विष नव्हे. जंतू माती-शेणात असतात. बाभळीचा खोल रुतलेला काटाही पुरतो. मज्जापेशींत शिरलेले विष कोणत्याही औषधाने परतत नाही. गाबाचा प्रभाव वाढवणारे डायझेपाम देऊन झटके आवरतात आणि कित्येक आठवडे वाट पाहतात. एकदा रोग होऊन गेला तरी पुढे संरक्षण मिळत नाही. ते लसीनेच मिळते. बालपणीच्या लसींनंतर तिच्या मात्रा दहाव्या व सोळाव्या वर्षी असतात. दुसरी नेमकी शालान्त परीक्षेच्या सुमारास येते.