पुन्हा करून पाहावे



मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी बोरघाट चढून वर आली की खंडाळ्यामागून लोणावळ्याचे स्थानक लागते. कोणी तेथे चिक्कीसाठी उतरतो, कोणी पावसाळी धबधबे पाहण्यास, तर कोणी कार्ल्याची लेणी किंवा लोहगड पाहण्यास. परंतु याच मावळच्या मातीत आणखी एक स्थळ असे आहे की, जेथे शंभर वर्षांपूर्वी काही माणसे मनुष्याचा श्वास, नाडी आणि पोटातील दाब मोजण्याचे काम मोठ्या निष्ठेने करू लागली. त्या कामाच्या आधारे, तरुण संशोधकास पहिले शिक्षण कोणते मिळावयास हवे, याचा विचार आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहो. तत्पूर्वी एक कबुली देणे अवश्य आहे.

आम्ही शाळेत असताना लंबकाचा प्रयोग केला होता. गुरुत्वत्वरणाचा आकडा सुमारे ९७८ यावयास हवा, हे सर्वांस ठाऊक होते. आमचा आला ९३१. तास संपत आला होता. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची वही जवळच होती. आम्ही उत्तरावरून उलट गणित मांडून वाचने बसविली, मूळचे आकडे रबराने पुसले आणि वहीवर सही मिळविली. पुढे शिक्षक झाल्यावर एका विद्यार्थिनीचे उत्तर तसेच कमी आले. तिने मात्र काही न पुसता वही आमच्यापुढे ठेविली. दोघांनी मिळून पाहिले, तेव्हा कळले की ती दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या आकडीपर्यंतच मोजीत होती. आम्हीही त्या वेळी तेच केले होते! आमची चूक आमच्याच वहीत लिहिलेली होती. ती आम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकिली.

आता लोणावळ्याकडे वळू. जगन्नाथ गणेश गुणे, जे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांचा जन्म १८८३ साली झाला. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याजवळ ते व्यायामविद्या शिकले आणि नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींपासून त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. योगावर त्यांची अपार श्रद्धा होती. तथापि ती श्रद्धा त्यांनी प्रश्न विचारण्याच्या आड येऊ दिली नाही. १९२०-२१ च्या सुमारास आपल्या काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत उड्डियान आणि नौली या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, ते तपासण्यास आरंभ केला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघू लागले.

त्यांचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. बस्ती या क्रियेत योगी पाण्यात बसून नौली करितो आणि पाणी मोठ्या आतड्यात आपोआप वर चढते. हे कसे घडते? जुना माणूस म्हणेल, ही सिद्धी. नवा माणूस म्हणेल, ही थाप. कुवलयानंदांनी यांपैकी काहीच म्हटले नाही. त्यांनी पारा भरलेल्या दाबमापक नळीने आतील दाब मोजिला. नौलीच्या वेळी तो बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे दिसून आले. आत दाब कमी झाला म्हणजे बाहेरची हवा पाण्यास आत ढकलते. आपण नळीने सरबत ओढितो, त्यातलाच हा प्रकार. या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, प्रयोग कसा केला आणि नळीने काय दाखविले, हे त्यांनी छापून प्रसिद्ध केले. ज्यास शंका असेल त्याने स्वतः नळी लावून पाहावी. शास्त्रात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ हे वाक्य चालत नाही. ‘पुन्हा करून पाहा’ हे चालते.

हे पुन्हा करून पाहणे किती अवश्य आहे, याचे एक बोलके उदाहरण आहे. १९३५ साली थेरेस ब्रोस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ विदुषी हृदयाच्या विद्युत्लहरींचा आलेख काढणारे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या. आपण हृदय थांबवू शकतो असे म्हणणाऱ्या योग्यांची त्यांनी परीक्षा केली. एकाच्या आलेखातील लहरी आणि नाडी काही सेकंद जवळजवळ शून्यावर आल्याचे त्यांस दिसले. वार्ता दूरवर पसरली. पुढे १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञ येथे आले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. आनंद यांच्यासह त्यांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. योगी श्वास कोंडून छातीपोटाचे स्नायू आवळीत, तेव्हा मनगटाची नाडी लागेनाशी होई आणि नळीतून हृदयाचा ध्वनीही ऐकू येत नसे. परंतु यंत्रावर हृदयाचे आकुंचन चालूच असलेले दिसे. छातीतील दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, म्हणून नाडी क्षीण होते. हृदय काही थांबत नाही. ब्रोसबाईंनी आलेखासाठी एकच जोडणी वापरिली होती, तेवढ्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे धोक्याचे होते.

यात ब्रोसबाईंनी किंवा त्या योग्याने लबाडी केली, असे कोणी समजू नये. नाडी खरोखरीच लागत नव्हती. चूक प्रामाणिक माणसाचीही होते, आणि म्हणूनच प्रामाणिकपणास पद्धतीची जोड लागते.

लोणावळ्याच्या शास्त्रज्ञांनी पुढे ही पद्धत कशी पाळिली, तेही पाहा. बंद खड्ड्यात योगी तासचे तास राहतो, हा आपल्याकडील जुना चमत्कार. करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या माणसांचा अभ्यास करून तो १९६८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी केवळ सरावलेल्या योग्यास खड्ड्यात बसवून टाळ्या वाजविल्या नाहीत. योगाचा अभ्यास नसलेल्या माणसांनाही त्यांनी त्याच परीक्षेत घेतले. तुलना नसेल तर अमुक गोष्ट योगामुळे घडली की कोणाही मनुष्याच्या शरीरात ती घडली असती, हे कसे कळावे?

हा प्रश्न केवळ योगापुरता नाही. २०१२ साली बेग्ली आणि एलिस या दोघांनी प्रसिद्ध केले की, एका औषधनिर्मात्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कर्करोगासंबंधीचे ५३ नामांकित शोधनिबंध पुन्हा पडताळून पाहिले असता त्यांपैकी केवळ ६ निबंधांचे निष्कर्ष तसेच मिळाले. अशा निष्कर्षांवर पुढील औषधे उभारावयाची असतात आणि ती औषधे घेण्यास कोणा घरचा रोगी वाट पाहत असतो. फसलेला आकडा कागदावर राहत नाही. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत जातो.

मग तरुण संशोधकास काय शिकवावे? आमच्या मते पाच सवयी. पहिली, प्रयोगापूर्वीच लिहून ठेवावे की आपण काय मोजणार व कसे मोजणार. आपल्या देशात याच हेतूने २००७ साली औषधचाचण्यांची नोंदवही सुरू झाली आणि २००९ च्या जूनपासून चाचणी आरंभिण्यापूर्वी तीत नोंद करणे सक्तीचे झाले. दुसरी, तुलनेचा गट ठेवावा. तिसरी, कोणास काय द्यावयाचे ते नाणे उडविल्यासारखे दैवावर सोडावे आणि मोजणाऱ्यास ते कळू देऊ नये. कारण डोळ्यास जे हवे असते तेच तो पाहतो. चौथी, चुकलेला आकडा पुसू नये. त्यावर एकच रेघ ओढून कारण लिहावे. पाचवी, फसलेला प्रयोगही सांगावा. या सवयी मोठ्या पदवीनंतर एकाएकी अंगी येत नाहीत. त्या वहीत लागतात किंवा वहीतच मोडतात.

एक प्रयोग तुम्ही या सुट्टीत करून पाहा. ‘पाच मिनिटे संथ श्वास घेतल्याने नाडी मंदावते’ हे खरे का? तिघांनी मिळून करावा. पहिल्याने नाणे उडवावे; छाप पडला तर पाच मिनिटे संथ श्वसन, काटा पडला तर पाच मिनिटे नुसते स्वस्थ बसणे. दुसरा घड्याळ धरील. तिसऱ्याने आरंभी पूर्ण एक मिनिट नाडी मोजून ओसरीवर जावे, आणि पाच मिनिटांनी परत येऊन पुन्हा मोजावी. मध्यंतरी काय झाले ते त्यास सांगू नये. असे दहा दिवस रोज एकाच वेळी करून प्रत्येक आकडा शाईने लिहावा. कदाचित् नुसत्या बसण्यानेही नाडी उतरलेली दिसेल! मग संथ श्वासाचे श्रेय किती आणि बसण्याचे किती, हा खरा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहील. उत्तर काहीही येवो, शेजारच्या घरातील तिघांस तुमची वही द्या आणि त्यांस तेच करावयास सांगा.

आता पालकांस एक विनंती. मुलाने प्रयोगाची वही घरी दाखविली तर ‘उत्तर बरोबर आले का?’ असे प्रथम विचारू नये. ‘जे दिसले तेच लिहिलेस ना?’ असे विचारावे. गुण एखादा कमी पडेल. परंतु जो मुलगा किंवा मुलगी ९३१ चे ९७८ करीत नाही, त्याच्या किंवा तिच्या हाती उद्या रुग्णाची नाडी आणि औषधाची कुपी निःशंकपणे देता येईल.

कुवलयानंद १९६६ साली निवर्तले. त्यांची संस्था लोणावळ्यास आजही आहे. ज्या गोष्टीवर त्यांचे सर्वांत अधिक प्रेम होते, तीच त्यांनी पाऱ्याच्या नळीपुढे उभी केली. आपणही आपल्या आवडत्या समजुतीची परीक्षा सर्वांत कडक घ्यावी आणि जे हाती येईल ते न पुसता लिहावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.